कोळसा नव्हता म्हणून

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा परगणा अटलांटिक महासागरात निमुळता होत गेला आहे. तिन्ही बाजूंनी समुद्र, आणि उरलेल्या बाजूला टेमार नदीनं आखलेली हद्द. इथल्या खडकांत कथील आणि तांबं यांच्या शिरा आहेत. कथील म्हणजे पितळी भांड्यांना ज्याची कल्हई करतात तो धातू. कॉर्नवॉलमध्ये तो चार हजार वर्षं काढला जात होता. आधी ओढ्यांच्या वाळूतून धुऊन, मग चर खणून, आणि अठराव्या शतकापासून खोल खाणींतून. निसर्गानं या परगण्याला एकच गोष्ट द्यायची ठेवली. इथे कोळसा नाही.

इथल्या गावांचा औद्योगिक इतिहास या उणिवेपासून सुरू होतो. कुठल्या गावाला बंदर मिळालं, कुठे इंजिनं घडली, कुठल्या घरांच्या भिंती काळ्या झाल्या, कुठली माणसं देश सोडून गेली, या सगळ्याचा माग काढत गेलं की आपण कोळशापाशी येऊन पोहोचतो.

खाण खोल गेली की तिच्यात पाणी भरतं. ते उपसलं नाही तर खालचं खनिज असून नसल्यासारखंच. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूकमेन यांचं वाफेचं इंजिन हे काम करू लागलं, पण ते कोळसा खाण्यात अतिशय अधाशी होतं. जिथे कोळशाच्याच खाणी होत्या तिथे याचं कुणाला काही वाटलं नाही, कारण विकला न जाणारा चुरा भट्टीत टाकून भागत असे. कॉर्नवॉलमध्ये मात्र प्रत्येक ढेकूळ वेल्सहून गलबतातून यायचं. त्यामुळे जेम्स वॉट यांचं काटकसरी इंजिन बाजारात आलं तेव्हा त्याचं सर्वात मोठं गिऱ्हाईक हाच परगणा ठरला. १७७७ मध्ये वॉटची पहिली इंजिनं इथे बसली. बोल्टन आणि वॉट या भागीदारांनी पैसे वसूल करण्याची पद्धतही कोळशावरच बेतली होती. जुन्या इंजिनाच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा एक तृतीयांश हिस्सा त्यांना द्यायचा. सुरुवातीला खाणमालकांना हा सौदा बरा वाटला. पुढे दर महिन्याला पैसे मोजताना तो टोचू लागला. वॉटचं पेटंट १८०० पर्यंत होतं, आणि तोवर कुणी इंजिनात सुधारणा केली की तिच्यामागे कोर्टकचेरी लागायची.

पेटंट संपलं आणि कॉर्नवॉलच्या कारागिरांचे हात मोकळे झाले. त्यांतला सगळ्यात धाडसी माणूस म्हणजे कॅम्बोर्न गावाजवळ १७७१ मध्ये जन्मलेला रिचर्ड ट्रेव्हिथिक. वॉटला जास्त दाबाची वाफ धोक्याची वाटे. ट्रेव्हिथिकनं तीच वापरली, कारण जास्त दाब म्हणजे लहान इंजिन आणि कमी कोळसा. १८०१ साली नाताळच्या आदल्या दिवशी त्याची वाफेवर चालणारी गाडी माणसं घेऊन कॅम्बोर्नचा चढ चढली. १८०४ मध्ये वेल्समधल्या पेनिडॅरन इथे त्याच्याच इंजिनानं रुळांवरून लोखंड आणि माणसं ओढून नेली. जगातला रेल्वेइंजिनाचा हा पहिला प्रवास, जॉर्ज स्टीफन्सन यांचं नाव गाजण्याच्या कितीतरी आधीचा. ट्रेव्हिथिकच्या हाती पैसा टिकला नाही. पेरूच्या चांदीच्या खाणींत नशीब काढायला तो गेला, परतला तो रिकाम्या हातांनी. १८३३ मध्ये डार्टफर्डला तो वारला तेव्हा त्याच्या अंत्यविधीचा खर्च कारखान्यातल्या सोबत्यांनी केला. आज कॅम्बोर्नमध्ये त्याचा पुतळा आहे, आणि दर एप्रिलमध्ये त्याच्या नावानं भरणाऱ्या दिवशी वाफेची जुनी इंजिनं गावातून मिरवतात.

एकट्या ट्रेव्हिथिकनं मात्र ही गोष्ट पुरी होत नाही. मला कॉर्नवॉलचा सर्वात मोठा वारसा वाटतो तो एक साधासा मासिक अहवाल. १८११ मध्ये जोएल लीन या खाण-अभियंत्यानं परगण्यातल्या पंपांच्या इंजिनांची कामगिरी दर महिन्याला छापायला सुरुवात केली. मोजमाप सरळ होतं. एक बुशेल कोळसा जाळून किती पौंड पाणी एक फूट वर चढलं? या आकड्याला तिथे ‘ड्यूटी’ म्हणत. सुरुवातीला सरासरी ड्यूटी सुमारे १ कोटी ७० लाख होती. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत ती तिपटीहून जास्त वाढली. १८३५ मध्ये फोई कन्सोल्स खाणीतल्या एका इंजिनानं चाचणीत साडेबारा कोटींचा पल्ला गाठला. प्रत्येक इंजिनाच्या नावापुढे अभियंत्याचं नाव छापलेलं असे. कुणाचं इंजिन कसं चालतं हे साऱ्या परगण्याला कळायचं, आणि कुणी बॉयलरला नवं आवरण घातलं किंवा झडपेत बदल केला तर पुढच्या काही महिन्यांत तो बदल दुसऱ्या खाणीतही दिसायचा. इथल्या भागधारकांचे पैसे एकाच वेळी अनेक खाणींत गुंतलेले असत, त्यामुळे एका खाणीची युक्ती दुसरीपासून लपवण्यात त्यांचा फायदा नव्हता. यंत्रशास्त्राची प्रगती एकट्या प्रतिभावंताच्या डोक्यातून होते अशी आपली समजूत असते. कॉर्नवॉलमध्ये ती चारचौघांत, उघड्या हिशेबानं झाली.

कॅम्बोर्न आणि शेजारचं रेडरूथ ही दोन गावं या सगळ्याचं केंद्र होती. बोल्टन-वॉट यांचा प्रतिनिधी विल्यम मर्डॉक रेडरूथला राहत असे, आणि १७९२ मध्ये कोळशापासून काढलेल्या गॅसवर त्यानं तिथलं आपलं घर उजळलं. दोन्ही गावांच्या मधल्या टकिंगमिल इथे १८३१ मध्ये विल्यम बिकफर्डनं सुरुंगाची सुरक्षित वात बनवली. दारूच्या बारीक धारेभोवती सुताचे पदर पिळायचे, म्हणजे वात ठरावीक वेगानं जळते आणि सुरुंग लावणाऱ्याला दूर जायला वेळ मिळतो. त्याआधी गवताच्या किंवा पिसाच्या नळीत दारू भरून पेटवत. ती कधी झटकन जळायची, कधी विझल्यासारखी वाटून माणूस जवळ गेल्यावर उडायची. बिकफर्ड खाणकामगार नव्हता. तो चामड्याचा व्यापारी होता, आणि या अपघातांनी त्याला अस्वस्थ केलं होतं. त्याच्या वातीनं जगभरच्या खाणींत किती जीव वाचवले असतील याचा हिशेब कुणी मांडू शकणार नाही. कॅम्बोर्नमधल्याच होल्मन बंधूंच्या कारखान्यात खडक फोडणारे ड्रिल आणि कॉम्प्रेसर बनत. कॉर्नवॉलच्या खाणी मिटत गेल्यावरही हा कारखाना गावाला पोसत राहिला.

दोन-चार गावं ओलांडली की सेंट आइव्हजच्या आखातावर हेल लागतं. इथे प्रयोग उलट्या दिशेनं झाला. खनिज कोळशाकडे पाठवण्याऐवजी कोळसा खनिजाकडे आणून तांबं इथेच वितळवायचं. अठराव्या शतकाच्या मध्यापासून सुमारे साठ वर्षं हा धंदा रेटला गेला. पण तांब्याचं खनिज गाळायला खनिजाच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त कोळसा लागतो, आणि शेवटी हिशेब वेल्समधल्या स्वान्झीच्याच बाजूनं लागला. भट्ट्या थंडावल्या. मागे राहिली मळी. ती वितळलेली असताना साच्यात ओतून तिच्या काळ्याभोर विटा पाडत. हेलच्या कॉपरहाऊस भागात धक्क्याच्या भिंती, पूल, घरांचे कोपरे या विटांचे आहेत. पावसात त्या काचेसारख्या चमकतात.

हेलची खरी कीर्ती हार्वे कंपनीच्या ओतशाळेची. १७७९ मध्ये जॉन हार्वे या लोहारानं ती काढली. ट्रेव्हिथिकची बायको जेन ही त्याचीच मुलगी. हेलमध्ये ओतलेले सिलिंडर कॉर्नवॉलच्या खाणींपुरते राहिले नाहीत. नेदरलँड्समधलं हार्लेमरमेर हे प्रचंड सरोवर उपसून जमीन काढायची ठरली, तेव्हा तिथल्या क्रुकियस पंपघरासाठी हार्वेनं १४४ इंच व्यासाचं सिलिंडर बनवलं. बारा फूट रुंदीचा दट्ट्या! १८५२ पर्यंत सरोवर कोरडं झालं. आज त्याच तळावर ॲमस्टरडॅमचा स्किपोल विमानतळ उभा आहे. युरोप-अमेरिकेला जाताना तिथे विमान बदलणारे हजारो मराठी प्रवासी समुद्रसपाटीखाली उभे असतात. ती जमीन पाण्याबाहेर आली त्यात हेलच्या ओतशाळेचा वाटा आहे.

एवढी अवजड यंत्रं समुद्रानंच बाहेर जाणार, आणि हेलचं बंदर तर वाळूनं सतत भरणारं. त्यावर गावानं काढलेला तोडगा फार देखणा आहे. भरतीचं पाणी बंधाऱ्यामागच्या मोठ्या तळ्यांत अडवायचं आणि ओहोटीच्या वेळी दारं उघडून ते एकदम सोडायचं. लोंढ्याबरोबर खाडीतला गाळ समुद्रात जायचा. ती तळी अजून आहेत, त्यांवर आता पाणपक्षी उतरतात.

उत्तर किनाऱ्यावरचं पोर्टरीथ हे हेलपेक्षा लहान. कड्यांच्या बेचक्यात कोंबलेलं हे बंदर ग्वेनप आणि रेडरूथच्या तांब्यासाठीच बांधलं गेलं. १८०९ मध्ये खाणींपासून इथवर घोड्यांनी ओढायच्या वाघिणींचा लोहमार्ग घालायला सुरुवात झाली. खनिज भरून गलबत स्वान्झीला जाई आणि येताना कोळसा आणी. दोन्ही खेपा भरलेल्या. आज पोर्टरीथच्या धक्क्यासमोर घरं आहेत आणि लोहमार्गाच्या वाटेवरून लोक सायकली चालवतात.

आता पश्चिमेच्या अगदी टोकाला, सेंट जस्टला जाऊ. कॉर्नवॉलचं जे छायाचित्र सगळीकडे दिसतं ते इथलं. बोटॅलॅक खाणीची दोन इंजिनघरं कड्याच्या कडेवर, लाटांच्या थेट माथ्यावर उभी आहेत. खनिजाच्या शिरा समुद्राखाली शिरत होत्या, म्हणून खाणीही समुद्राखाली गेल्या. शेजारच्या लेव्हंट खाणीचे बोगदे किनाऱ्यापासून मैलभर आत पोहोचले होते. वादळात डोक्यावरच्या समुद्रतळाशी दगडगोटे गडगडताना कामगारांना ऐकू येत.

खाली उतरणं आणि वर येणं हेच अर्धं काम होतं. दिवसभर खडक फोडून झाल्यावर शिड्यांनी शेकडो फूट चढून यायचं, तेही घामानं भिजलेल्या अंगानं, आणि वर कडाक्याचा वारा. छातीच्या रोगांनी माणसं चाळिशीतच संपत. त्यावर उपाय म्हणून ‘मॅन-इंजिन’ आलं. शाफ्टमध्ये लाकडाचा एक लांबच लांब दांडा, त्याला बारा-बारा फुटांवर पायऱ्या. इंजिन तो दांडा बारा फूट वर घेई आणि बारा फूट खाली सोडी. माणूस पायरीवर उभा राहायचा, वर गेला की बाजूच्या फळीवर पाय टाकायचा, पुढची पायरी आली की तिच्यावर. असं करत अर्ध्या तासात तो उजेडात यायचा. १८४२ मध्ये ट्रेसेव्हियन खाणीत कॉर्नवॉलमधलं पहिलं मॅन-इंजिन बसलं, पुढे लेव्हंटमध्येही.

२० ऑक्टोबर १९१९ रोजी दुपारची पाळी सुटत असताना लेव्हंटचं मॅन-इंजिन माणसांनी भरलं होतं. शंभराहून जास्त लोक त्या दांड्यावर होते. वरच्या टोकाला दांडा इंजिनाला जोडणारा लोखंडी जोड तुटला. दांडा माणसांसकट शाफ्टमध्ये कोसळला. ३१ जण मेले. सेंट जस्ट आणि आसपासच्या वस्त्यांमध्ये या बातमीनं न हादरलेलं घर उरलं नसेल. मॅन-इंजिन पुन्हा बसवलं नाही, खोलवरचा भाग सोडून दिला, आणि १९३० मध्ये खाण बंद पडली. तिथलं १८४० चं हार्वेनं बनवलेलं इंजिन भंगारात जाणार होतं. १९३५ मध्ये काही स्थानिक मंडळींनी समिती काढून ते वाचवलं, आणि नंतरच्या पिढीतल्या हौशी लोकांनी स्वतःच्या सुट्ट्या घालवून त्यात पुन्हा वाफ भरली. ते आजही चालतं.

खाणीच्या तोंडाशी बायका आणि मुली असत. त्यांना ‘बाल मेडन’ म्हणत. हातोड्यांनी खनिज फोडून, निवडून, दर्जाप्रमाणे ढीग लावणं हे त्यांचं काम. कथलाबरोबर सोमल हे विषही निघायचं. ते भट्टीत भाजून, वाफेच्या रूपात वळणावळणाच्या लांब धुराड्यांत थंड करून भिंतींवरून खरवडत. खरवडणारी माणसं अंगाला चिकणमाती फासत आणि नाकात कापूस कोंबत. एवढाच बचाव.

१८६६ मध्ये तांब्याचा भाव कोसळला. चिली आणि अमेरिकेतलं तांबं स्वस्त होतं. काही वर्षांनी मलाया आणि ऑस्ट्रेलियाच्या कथलानं उरलेला आधारही काढून घेतला. एकोणिसाव्या शतकात दोन लाखांहून अधिक माणसं या छोट्या परगण्यातून परदेशी गेली. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मूंटाला ‘छोटं कॉर्नवॉल’ म्हणू लागले. मेक्सिकोतल्या रेआल देल मोन्ते गावात आजही कॉर्नवॉलची पेस्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेली करंजी, ‘पास्ते’ या नावानं गल्लोगल्ली विकली जाते. आपल्याकडे कोलारच्या सोन्याच्या खाणी १८८० नंतर जॉन टेलर आणि सन्स या कंपनीनं चालवल्या. या कंपनीचा पाया कॉर्नवॉलच्या तांब्यात होता, आणि कोलारला आलेले मुकादम नि खाणप्रमुखही तिथलेच. खालचं जीवघेणं काम मात्र मुख्यतः तमिळ आणि तेलुगू मजुरांनी केलं. कोलारचा इतिहास सांगताना कॉर्नवॉलच्या कौशल्याचं कौतुक होतं तेवढंच त्या मजुरांचंही व्हायला हवं.

मुंबईशी असलेला धागा याहून थेट आहे. सेंट जस्टच्या दक्षिणेला पोर्थकर्नो नावाची चिमुकली पुळण आहे. १८७० मध्ये मुंबईहून निघालेली समुद्राखालची तारायंत्राची केबल एडन, सुएझ, माल्टा, जिब्राल्टर आणि पोर्तुगाल करत या पुळणीवर किनाऱ्याला लागली. मुंबई ते एडन हा टप्पा ‘ग्रेट ईस्टर्न’ या ब्रुनेलनं आखलेल्या अजस्र जहाजानं टाकला. आधी केबल फाल्मथला आणायचा बेत होता, पण तिथे जहाजांची इतकी गर्दी की नांगरांनी ती तुटण्याची भीती. म्हणून जिथे कुणी नांगर टाकत नाही अशी ही आडबाजूची जागा निवडली. बोटीनं यायला आठवडे लागणारी बातमी मिनिटांत येऊ लागली आणि मुंबईच्या कापूसबाजाराला लिव्हरपूलचा भाव वेळेवर कळू लागला. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात पोर्थकर्नोला चौदा केबल येऊन मिळत. दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्याच्या भीतीनं सगळी यंत्रं डोंगरात हलवायची ठरली, तेव्हा ग्रॅनाइटमध्ये बोगदे खोदायला बोलावले ते जवळपासचे कथलाच्या खाणींतले कामगार. तेच बोगदे आता संग्रहालय आहेत.

सेंट ऑस्टेल भागाची गोष्ट वेगळी, कारण तिथला धंदा अजून जिवंत आहे. प्लिमथचा औषधविक्रेता विल्यम कुकवर्दी यानं अठराव्या शतकात कॉर्नवॉलमधली चिनीमाती ओळखली. १७६८ मध्ये त्यानं पोर्सेलिनचं पेटंट घेतलं. पुढे या मातीचा मोठा खप भांड्यांपेक्षा कागदासाठी झाला. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं माती सुटी करायची, निवळू द्यायची, वाळवायची. वाळू आणि खडे मागे राहायचे ते कित्येक पट, आणि त्यांचे पांढरे सुळके आकाशात उभे राहिले. चार्ल्स रॅशली यानं १७९१ नंतर तांबं आणि मातीसाठी बांधलेल्या बंदराला त्याच्याच नावावरून चार्ल्सटाउन म्हणू लागले. आधी तिथे मोजकी कोळ्यांची घरं होती. आता ते चित्रपटवाल्यांचं आवडतं ठिकाण आहे. बोडेल्वा इथल्या संपलेल्या मातीखाणीत २००१ मध्ये ईडन प्रोजेक्टची काचघुमटांसारखी दिसणारी विशाल हरितगृहं उभी राहिली.

ऑक्टोबर १९८५ मध्ये आंतरराष्ट्रीय कथील परिषदेकडचे पैसे संपले आणि कथलाचा भाव काही महिन्यांत निम्म्यावर आला. गीव्हर खाण १९९० मध्ये, व्हील जेन १९९१ मध्ये, आणि शेवटची साउथ क्रॉफ्टी ६ मार्च १९९८ रोजी बंद झाली. व्हील जेनचा उपसा थांबल्यावर आत साठलेलं, धातूंनी भरलेलं आम्लयुक्त पाणी जानेवारी १९९२ मध्ये बाहेर फुटलं आणि फाल नदीची खाडी नारिंगी झाली. ते पाणी शुद्ध करण्याचं काम तेव्हापासून चालूच आहे. वारसा म्हणून इंजिनघरं दाखवताना हे पाणीही दाखवलं पाहिजे.

२००६ मध्ये युनेस्कोनं कॉर्नवॉल आणि पश्चिम डेव्हनच्या खाणप्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. तो योग्यच होता. पण पर्यटकांच्या गाड्या बोटॅलॅकच्या कड्याकडे वळतात, आणि ज्या गावांनी ती इंजिनं कल्पिली, जुळवली, चालवली ती कॅम्बोर्न आणि रेडरूथ वाटेत मागे पडतात. तिथे समुद्राचं दृश्य नाही, कारखाने गेल्यावर आलेली गरिबी आहे. सेंट आइव्हजमध्ये मासेमारीचे जुने माळे चित्रकारांच्या स्टुडिओत बदलले, आणि १९९३ मध्ये जुन्या गॅस कारखान्याच्या जागी टेट कलादालन आलं. रेडरूथला कुणी समुद्र देऊ शकत नाही. तिथे २०१९ मध्ये बिअरच्या जुन्या कारखान्याच्या इमारतीत परगण्याचं दफ्तरखाना-ग्रंथालय उघडलं, ज्यात खाणींचे नकाशे आणि हिशेबवह्या आहेत. माझ्या मते कड्यावरच्या कुठल्याही धुराड्यापेक्षा हे पाऊल महत्त्वाचं आहे, कारण इथला वारसा मुळात हिशेबाच्या वह्यांमध्येच घडला. गीव्हरला जाणाऱ्यांनी कामगारांची कपडे बदलायची खोलीही चुकवू नये. शेवटच्या दिवशी होती तशीच ती ठेवली आहे.

साउथ क्रॉफ्टीची पुढची गोष्ट अजून लिहिली जातेय. कथील आता फोन-संगणकांच्या डाखणीत लागतं, भाव वाढला आहे, आणि नव्या कंपनीनं २०२३ पासून खाणीतलं पाणी विजेच्या पंपांनी उपसायला सुरुवात केली आहे. उपसलेलं पाणी आधी शुद्ध करतात, मगच ते रेड रिव्हर नदीत सोडतात. खाण पुन्हा सुरू झाली तर कॅम्बोर्नमधल्या मुलांना काम गावातच मिळेल, आणि त्यांना शिकवायला खाली काम केलेली पिढी अजून हयात आहे.